दोष कुठल्या पिढीतला?

मामाच्या मुलीशी लग्न चालतं, मावशीच्या किंवा काकाच्या मुलीशी चालत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांतली ही रीत इरावती कर्वे यांनी १९५३ साली आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात नोंदवली. जनुकांना हा भेद ठाऊकच नाही! मामेबहीण असो की मावसबहीण, आजी-आजोबा सामाईक, म्हणून सरासरी आठवा हिस्सा जनुकं सारखीच.

अंबरनाथच्या पालेगावातल्या अशा एखाद्या जोडप्याचा गर्भ दोन-तीनदा टिकला नाही, की 'घरातलंच लग्न, मग होणारच' म्हणून विषय मिटतो. मला हे मान्य नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या बाळाला जन्मजात आजार असण्याची शक्यता शंभरात दोन-तीनने वाढते, हे खरं. पण पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. तिचा नात्याशी काही संबंध नाही.

आणि कधी कधी नातं कारण असतं, पण भलत्याच पिढीतलं. ए-बी-ओच्या पलीकडे 'स्मॉल पी' नावाचा अतिदुर्मिळ रक्तगट आहे. जवळजवळ सगळ्या माणसांच्या रक्तपेशींवर असणारे काही घटक या गटाच्या बाईच्या पेशींवर नसतात, आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या रक्तात आपोआप तयार असतात. नेमके तेच घटक वारेत भरपूर असतात. मग तिचं रक्त वारेवरच हल्ला करतं, गर्भ पुन्हा पुन्हा पडतो. फिलिप लेव्हिन यांनी हा संबंध १९५४ साली दाखवला. हा गट यायला सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं. म्हणजे नवरा पूर्ण परक्या घरातला असेल, आणि नात्यातलं लग्न असेल तिच्या आई-वडिलांचं!

मुंबईला हे गणित परकं नाही. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेला 'बॉम्बे' रक्तगटही असंच सदोष जनुक दोन्हीकडून मिळालं तरच येतो. दुर्मिळ रक्तगटांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था परळला केईएमच्या आवारात आहे, अंबरनाथहून लोकलच्या अंतरावर.

'स्मॉल पी'च्या स्त्रियांना गरोदरपणात रक्तद्रवातली प्रतिपिंडं काढून टाकण्याच्या उपचाराने निरोगी बाळं झाली आहेत. ती प्रतिपिंडं इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणीत दिसतात, पण ही चाचणी बहुधा आरएच निगेटिव्ह बाईचीच केली जाते. दोनदा गर्भ गेला असेल तर ती मागा, दोघांच्या गुणसूत्रांची तपासणीही करा. आणि डॉक्टरांना नवऱ्याशी असलेलं नातं सांगाल, तेव्हा आपल्या आई-वडिलांचं नातंही सांगा.