नेत्याचा आत्मविश्वास: काही घट्ट रुतलेले गैरसमज

पतसंस्थेचा अध्यक्ष निवडायचा असो की शाळेचा मुख्याध्यापक, चर्चेत एक वाक्य हमखास येतं: माणूस कॉन्फिडंट पाहिजे. पाहिजेच. ज्याच्या हाती सूत्रं आहेत तोच डळमळीत असेल तर बाकीच्यांनी बघायचं कुणाकडे? पण आत्मविश्वास ओळखायचा कसा, याबद्दलच्या आपल्या कल्पना बऱ्याच वेळा साफ चुकतात आणि त्याची किंमत नेत्यापेक्षा त्याच्या मागे चालणारे मोजतात. विमानाच्या कॉकपिटमध्ये हे फार स्वच्छ दिसतं, कारण तिथे बोललेला शब्द न् शब्द ध्वनिमुद्रित होतो.

गैरसमज: जो ठामपणे बोलतो, त्याला जास्त कळतं.

बर्कलीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कॅमेरॉन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याच विषयावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. विद्यार्थ्यांना काही नावं आणि घटना दाखवून त्यातल्या कोणत्या माहीत आहेत ते विचारलं. यादीत चक्क बनावट नावंही घातली होती. ज्यांनी अस्तित्वातच नसलेल्या गोष्टी ‘माहीत आहेत’ म्हणून सांगितल्या, त्यांनाच पुढे गटात जास्त मान मिळालेला दिसला. सोबत्यांना त्यांची फुशारकी फुशारकी वाटली नाही, ती हुशारी वाटली. तेव्हा मुलाखतीत किंवा बैठकीत कुणाच्या आवाजाने भारून जाताना आपण जरा थांबायला हवं.

गैरसमज: नेत्याने शंका दाखवली की त्याचा वचक जातो.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांमधल्या टेनेरीफच्या विमानतळावर दाट धुकं उतरलं होतं. केएलएमचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाला उभं होतं आणि त्याच धावपट्टीवर पॅन ॲमचं दुसरं ७४७ अजून चालत होतं. केएलएमचे कॅप्टन याकोब फेल्डहाउझन फान झांटन हे कंपनीतले नावाजलेले वैमानिक, इतरांना ७४७ शिकवणारे; कंपनीच्या जाहिरातीतही त्यांचाच चेहरा होता. त्यांनी एकदा इंजिनांचा जोर वाढवला, तेव्हा सहवैमानिकाने अजून परवानगी मिळाली नसल्याचं सांगितलं. ते थांबले. पुढे उड्डाणानंतरच्या मार्गाची मंजुरी आली. ती उड्डाणाची परवानगी नव्हती, पण कॅप्टन निघाले. या वेळी सहवैमानिकाने त्यांना अडवलं नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने मात्र विचारलं की पॅन ॲमचं विमान अजून बाजूला झालं नाही की काय. कॅप्टननी ठासून सांगितलं की झालंय. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. काही सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली.

धुकं होतं, रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळले होते, डच नियमांप्रमाणे कामाचे तास संपत आले होते; अपघाताला कारणं अनेक होती. पण शंका बरोबर होती, ती वेळेत विचारलीही गेली होती, आणि एका ठाम उत्तरापुढे ती विरून गेली, हे मला त्यातलं सगळ्यात दुःखद वाटतं.

या आणि अशा अपघातांच्या अभ्यासातून वैमानिकांच्या प्रशिक्षणाची एक नवी पद्धत आली, ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि पुढच्या काही वर्षांत विमान कंपन्या ते शिकवू लागल्या. कनिष्ठांनी शंका मोकळेपणाने बोलून दाखवायची आणि कॅप्टनने ती ऐकून घ्यायची, हा त्याचा गाभा.

ते किती कामाला येतं, हे १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत दिसलं. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेडच्या डीसी-१० विमानाचं शेपटातलं इंजिन फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. सुकाणू हलेना. अशा वेळी काय करायचं, याची कार्यपद्धतीच कुठे लिहिलेली नव्हती. कॅप्टन अल हेन्स यांनी ‘मला ठाऊक आहे’ असा आव आणला नाही. प्रवाशांमध्ये डेनिस फिच नावाचे डीसी-१० चे प्रशिक्षक वैमानिक होते. हेन्सनी त्यांना कॉकपिटमध्ये बोलावलं आणि थ्रॉटल त्यांच्या हातात दिले. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत, सगळे एकमेकांना सुचवत राहिले आणि विमान सू सिटीपर्यंत आलं. उतरताना ते मोडलं, पेटलं. विमानातल्या २९६ जणांपैकी ११२ जण दगावले, पण १८४ वाचले. पुढे हेन्स वर्षानुवर्षं व्याख्यानांतून सांगत राहिले की सगळ्यांचं ऐकलं नसतं तर हे जमलं नसतं. त्या कॉकपिटमध्ये अखेरपर्यंत कॅप्टन तेच होते. दुसऱ्याच्या हाती थ्रॉटल दिल्याने त्यांचा अधिकार तसूभरही कमी झाला नाही.

गैरसमज: अपयशाचा विचार करणं म्हणजे आत्मविश्वास नसणं.

नॉर्मंडीवर सैन्य उतरवण्याच्या आदल्या दिवशी, ५ जून १९४४ रोजी, जनरल आयझेनहॉवर यांनी पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवली. मोहीम फसली तर जाहीर करायचं निवेदन होतं ते. ‘सैन्य मागे घेण्यात आलं आहे’ अशा अर्थाचे शब्द खोडून त्यांनी ‘मी सैन्य मागे घेतलं आहे’ असं केलं, आणि दोष असेल तर तो एकट्या माझा, असंही लिहिलं. गडबडीत तारीख मात्र ५ जुलैची पडली. हुकूम देताना हा माणूस कचरला नाही, आणि हुकूम चुकला तर काय, हेही त्याने टाळलं नाही.

गैरसमज: आत्मविश्वास जन्मजात असतो.

बॅरिस्टर होऊन परतलेले गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, घेतलेले तीस रुपये परत करायला तयार झाले आणि तिथून निघाले. हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. १८९३ मध्ये तेच गांधी प्रिटोरियातल्या हिंदी व्यापाऱ्यांसमोर व्यवहारातल्या सचोटीवर नीट बोलले. या वेळी विषयाची तयारी होती आणि सांगायची तळमळ होती.

गैरसमज: आत्मविश्वास लागतो तो नेत्याला.

मला हा सगळ्यात घातक वाटतो. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान उतरताना फार उंचावर होतं. कॅप्टनला दहा हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता, पण प्रवासातला बराच वेळ ते झोपलेले होते. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं तीनदा सांगितलं. कॅप्टननी उतरणं सोडलं नाही. डोंगरमाथ्यावरची धावपट्टी संपली आणि विमान दरीत गेलं. १६६ पैकी फक्त आठ जण वाचले.

सहवैमानिकाचा अंदाज अचूक होता आणि त्याने तो बोलूनही दाखवला, तरी विमानाचा ताबा त्याने घेतला नाही. चौकशी समितीने यामागचं संभाव्य कारण नोंदवलं आहे: अशा वेळी सहवैमानिकाने स्वतःहून गो अराउंड करण्याबाबतच्या सूचनांमध्ये संदिग्धता होती. हाताखालच्या माणसाने किती ठाम व्हायचं, हे त्याच्या स्वभावावर सोडून चालत नाही. ते आधीच ठरवून, लिहून आणि सरावात घोटवून घ्यावं लागतं. आज अनेक विमान कंपन्यांमध्ये दोघांपैकी कुणीही ‘गो अराउंड’ म्हटलं की विमान वर घ्यायचंच असा नियम आहे, आणि तो निर्णय बरोबर होता की चूक, याची चर्चा विमान सुरक्षित उंचीवर गेल्यावर होते.