कापून टाकलेला शेवट

गल्लीत पोरं क्रिकेट खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' अशा मजकुरासह हा व्हिडिओ २०१८ मध्ये देशभर फिरला. त्याच अफवेच्या लाटेत १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती.

असा व्हिडिओ तपासायला घेतला की मी आधी आवाज बंद करते. आरडाओरड कानावर पडत असली की डोळे नीट पाहत नाहीत. मग व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे न्यायचा. दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे? गाडीची नंबरप्लेट कुठली? त्यातलं एखादं स्पष्ट दृश्य निवडून स्क्रीनशॉट गुगल लेन्सवर टाकायचा आणि जुन्यात जुनी प्रत मिळेपर्यंत मागे जात राहायचं. पोराला उचलण्याच्या या व्हिडिओचा माग कराचीपर्यंत जातो. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या 'रोशनी हेल्पलाइन'ची ती जनजागृतीची फिल्म. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकल परत येते, पोराला सोडते आणि कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, असा फलक दाखवला जातो. कुणीतरी नेमका हा शेवट कापला होता. सोबत फिरणारे मुलांच्या मृतदेहांचे फोटो तर २०१३ च्या सीरियातल्या रासायनिक हल्ल्याचे होते.

खरं अवघड काम यानंतरचं. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' एवढ्यानं घाबरलेल्या आईचं समाधान होत नाही, आणि व्हायचं कारणही नाही. तिला आधी खरं काय ते सांगायचं: हा कराचीतल्या फिल्मचा तुकडा आहे. मग पूर्ण फिल्म दाखवायची. संशय आलाच तर ११२ ला फोन करा, हेही सांगायचं. हे सगळं तिच्या बोलीत, अहिराणीत किंवा पावरीत, ओळखीच्या आशाताईनं, गुरुजींनी, पोलीस पाटलानं सांगावं. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा जाहीर केली. त्यानं वेग कमी होतो, भीती नाही.

तुमच्या ग्रुपवर असं काही आलं, तर पाठवणाऱ्याला चारचौघांत झापू नका. त्याला फोन करा, मूळ व्हिडिओ द्या आणि जिथे जिथे त्यानं खोटं पाठवलं, तिथे खरंही त्यालाच पाठवायला सांगा.