‘चेक’ या शब्दाचें कुळ

इंग्रजी कोशांत ‘चेक’ हा शब्द काढून पाहिला, तर साधा वाचक गोंधळून जातो. आळा घालणें, पडताळून पाहणें, चौकड्यांचें कापड, पेढीवर काढलेली पैशाची चिठ्ठी, बुद्धिबळांतील शह, असे परस्परांशीं कांहीं नातें नसलेले अर्थ एकाखालीं एक मांडलेले दिसतात. शाळेंतील मुलें ते पाढ्यांसारखे पाठ करतात आणि परीक्षा आटोपतांच विसरून जातात. त्यांत मुलांचा दोष थोडा. ज्या गोष्टींतील दुवा कोणी दाखविला नाहीं, त्या स्मरणांत राहाव्यात तरी कशा? वास्तविक हे सारे अर्थ एकाच घरचे आहेत आणि त्या घराचा मूळपुरुष म्हणजे संकटांत सांपडलेला एक राजा होय.

या कथेचा आरंभ भारतांत होतो. हत्ती, घोडे, रथ व पायदळ हीं सेनेचीं चार अंगें. त्यांवरून पटावरील युद्धाच्या खेळास ‘चतुरंग’ हें नांव पडलें. खेळ इराणांत गेला, तेव्हां त्या नांवाचें ‘चत्रंग’ झालें. सातव्या शतकांत अरबांनीं इराण जिंकल्यावर तो त्यांच्या हातीं आला व ते त्यास ‘शतरंज’ म्हणूं लागले. प्रतिपक्षाच्या राजावर मारा येतांच इराणी खेळाडू ‘शाह’, म्हणजे ‘राजा’, असें म्हणून त्याला सावध करीत. राजाला सुटण्याची वाटच उरली नाहीं, म्हणजे ‘शाह मात’ म्हणत. ‘मात’ म्हणजे ‘मेला’ असें पुष्कळदां सांगण्यांत येतें, कारण अरबींत तशा ध्वनीचें क्रियापद मरण्याचें आहे. परंतु फारसींत त्याचा अर्थ निरुपाय झालेला, असा आहे आणि खेळाच्या रीतीशीं तोच जुळतो. पटावर राजा मारला जात नाहीं. तो कोंडला जातो.

अरबांकडून हा खेळ युरोपांत शिरला. तेथें ‘शाह’चें जुन्या फ्रेंचांत ‘एशेक’ व पुढें इंग्रजींत ‘चेक’ झालें, ‘शाह मात’चें ‘चेकमेट’ झालें, आणि त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून खेळाचें ‘चेस’ हें नांव निघालें.

आतां अर्थ कसे वाढत गेले तें पाहावें. शह बसला कीं राजाची वाटेल तिकडे जाण्याची मोकळीक संपते. म्हणून ‘चेक’ म्हणजे आळा. आळा घालावयाचा तर आधीं नजर ठेवावी लागते. म्हणून ‘चेक’ म्हणजे तपासणी. आगगाडींतील तिकीट-चेकर हा या दुसऱ्या अर्थाचा वारस. तिसरी शाखा राजापासून न निघतां राजाच्या पटापासून निघाली. पटावर चौरस घरें असतात, म्हणून चौकड्यांच्या कापडालाहि तेंच नांव मिळालें.

त्या पटानेंच इंग्लंडच्या राजाचा खजिना मोजला. बाराव्या शतकांत तेथील जमाबंदीचा हिशेब एका मोठ्या मेजावर होत असे. रिचर्ड फिट्झनील या खजिनदारानें त्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. मेज सुमारें १० फूट लांब व ५ फूट रुंद असून त्यावर रेघा आंखलेलें काळें कापड अंथरीत. पेन्स, शिलिंग व पौंड यांच्या निरनिराळ्या रकान्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी चाले. पटावर जशी दोन राजांची झुंज, तशी येथें खजिनदार व हिशेब देणारा प्रांताचा अंमलदार यांची झुंज, अशी तुलनाहि त्यानें केली आहे. या मेजावरून त्या खात्याला ‘एक्सचेकर’ हें नांव पडलें.

पेढीवरील चेक याच कुळांतला, पण वयानें लहान. इंग्लंडांत १६५९ सालची हातानें लिहिलेली अशी एक चिठ्ठी उपलब्ध आहे. तिला त्या काळीं ‘चेक’ म्हणत नसत. अठराव्या शतकाच्या आरंभीं हा शब्द पैशाच्या चिठ्ठीच्या स्थळप्रतीस लावूं लागले, कारण दोन्ही तुकडे ताडून पाहिले म्हणजे खोटेपणा उघडकीस येई. पुढें तें नांव चिठ्ठीलाच चिकटलें. इंग्लंडांत त्याचे वर्ण ‘एक्सचेकर’च्या धर्तीवर बदलले, अमेरिकेंत साधेच राहिले.

येथें एक सावधगिरीहि हवी. युरोपांतील ‘चेक’ लोकांचें नांव कानाला असेंच लागतें. पण तें त्यांच्या स्वतःच्या स्लाव भाषेंतलें असून त्याचा या राजाशीं कांहीं संबंध नाहीं. ध्वनि जुळला म्हणून नातें जुळलें, असें होत नाहीं. मधली प्रत्येक पायरी दाखवावी लागते.

मराठी श्रोत्यास मात्र या शब्दाशीं नातें शोधावयास दूर जावें लागत नाहीं. ‘शह देणें’, ‘काटशह’, ‘मात करणें’ हे प्रयोग त्याच फारसी खेळांतून मराठींत उतरले. म्हणजे ‘शह’ आणि ‘चेक’ हे सख्खे भाऊ. एक थेट घरीं आला, दुसरा युरोपची प्रदक्षिणा करून आला. इतकेंच नव्हे, तर ‘शाह’ या शब्दाच्या जुन्या इराणी रूपाचें मूळ संस्कृतांतील ‘क्षत्र’ शब्दाच्या मुळाशीं जुळतें.

खात्यांत रक्कम नसतांना चेक लिहून देणाऱ्यानें हें कुळ ध्यानांत ठेवावें. भारतांत १८८१ च्या कायद्यांत १९८८ सालीं दुरुस्ती होऊन, अपुऱ्या रकमेमुळें परत आलेला चेक हा विहित मुदतीच्या नोटिशीनंतरहि न फेडल्यास अपराध ठरविण्यांत आला. पटावर शह बसला कीं राजालाहि थांबून विचार करावा लागतो. तेव्हां ज्या कागदाला त्या शहाचेंच नांव आहे, त्यावर सही करण्यापूर्वीं साध्या माणसानें क्षणभर थांबावें, हें योग्यच होय.