फोटो अपलोड व्हायला इतका वेळ का लागतो?

अर्जाची मुदत संपत आलेली असते आणि कागदपत्राचा फोटो अपलोडच होत नाही. दोष दरवेळी नेटवर्कचाच नसतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० × ३०००, म्हणजे १.२ कोटी पिक्सेल असतात. प्रत्येकी ३ बाइट धरले तर ३६ एमबी! जेपीईजी कॉम्प्रेशनमुळे फाइल अनेकदा ४ एमबीच्या आसपास येते.

इंटरनेटचा वेग मात्र मेगाबिटमध्ये मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १ एमबीपीएस अपलोड वेगाने ४ एमबीला किमान ३२ सेकंद लागतात. लांबी-रुंदी निम्मी केल्यास पिक्सेल पाव होतात. फाइल साधारण १ एमबी, वेळ ८ सेकंद.

आधी क्रॉप, मग रिसाइज करा. मूळ फोटो जपून ठेवा. अपलोडपूर्वी झूम करून अक्षरे वाचता येतात ना, ते पाहा.