इंजिनाच्या शेजारचा भाता

वाळवंटात किंवा खडकाळ रानवाटेवर जीपगाडी नेणारा जाणता चालक पक्की सडक सोडण्यापूर्वी खाली उतरतो आणि चारही टायरांतील हवा बुद्ध्या कमी करतो. एका चाकावर 900 पौंडांचा भार असेल आणि आतील दाब दर चौरस इंचास 30 पौंड असेल, तर टायरचा जमिनीवरील ठसा सुमारे 30 चौरस इंचांचा असतो; दाब 15 पौंडांवर आणला की तो जवळजवळ दुप्पट होतो, आणि जे चाक वाळू उकरीत रुतत होते, तेच उंटाच्या रुंद पावलाप्रमाणे तिच्यावरून चालू लागते. परंतु सडकेवर परतताच हीच सवलत घातक ठरते. कारण कमी हवेच्या टायरची कड प्रत्येक फेऱ्यात वाकते, वाकण्याने तापते आणि वेग वाढल्यास अखेर फाटते. म्हणून ज्याने हवा सोडली, त्याने ती पुन्हा भरण्याची तजवीजही बरोबर बाळगली पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बनवलेल्या ‘डक’ या जलस्थलचर लष्करी वाहनात चालकाला बसल्या जागेवरून टायरांचा दाब कमीजास्त करण्याची सोय होती. खाजगी गाडीला ती कोठून असणार? म्हणून अमेरिकेतील हौशी वाहनचालकांनी जुन्या मोटारींच्या वातानुकूलनातील यॉर्क बनावटीचा, दोन दट्ट्यांचा कॉम्प्रेसर काढून इंजिनाच्या पट्ट्यावर हवा भरण्याच्या कामी जुंपला. त्याचा मोठा नमुना एका फेऱ्यात सुमारे 170 घनसेंटिमीटर वायू खेचतो. मिनिटास 1500 फेरे धरले तर हिशेब 250 लिटरांच्या घरात जातो. त्यातील निम्मीच हवा हाती लागली, तरी 60 लिटर पोटाच्या टायरला 15 वरून 30 पौंडांवर नेण्यास लागणारी सुमारे 60 लिटर हवा अर्ध्या मिनिटात तयार होते.

मात्र ही केवळ जोडणी नव्हे. ही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झालेली बदली आहे, आणि जुन्या खात्यात ज्या सवलती न मागता मिळत होत्या, त्या नव्या खात्यात आपणच मंजूर कराव्या लागतात. वातानुकूलनाच्या बंदिस्त चक्रात आत येणारा वायू स्वच्छ, कोरडा आणि थंड असे. इथे धूळ, दमटपणा आणि इंजिनाची धग. म्हणून हवा शिरण्याच्या तोंडावर उत्तम गाळणी हवी. पुष्कळशा नव्या कॉम्प्रेसरांना वंगण पोहोचते ते फिरत्या वायूबरोबरच. तो वायू गेला की वंगणही गेले, आणि तेल देण्याची निराळी व्यवस्था न केल्यास यंत्र जळते. यॉर्कची महती अशी की त्याच्या तळाशी तेलाचे स्वतःचे कुंड आहे. तरीही थोडे तेल हवेसोबत निसटते, ते पुढे वेगळे काढावे लागते.

उष्णतेचा विचार तर अपरिहार्य आहे. 30 अंश सेल्सियसची हवा वातावरणाच्या आठपट दाबापर्यंत दाबली आणि तिला उष्णता बाहेर टाकण्यास सवडच मिळाली नाही, तर सिद्धान्ताप्रमाणे तिचे तापमान 270 अंशांच्याही वर जाते. म्हणून निर्गमाशी साधी रबरी नळी न लावता उष्णता सोसणारी, पोलादी विणीची नळी लावावी. तिच्यापुढे हवेला मागे न येऊ देणारी झडप, मग टाकी, टाकीवर जादा दाब आपोआप सोडणारी सुरक्षा-झडप, आणि ठरावीक दाब होताच कप्पीचा विद्युतचुंबकीय क्लच सोडवणारी कळ, असा क्रम असावा.

बैठकीची गोष्ट साधी, पण निर्णायक आहे. इंजिन रबरी आधारांवर डुलत असते. म्हणून कॉम्प्रेसरचा जाड पोलादी आधार गाडीच्या सांगाड्यास न जोडता इंजिनासच बोल्टांनी आवळावा, म्हणजे दोघे एकत्र डुलतात आणि पट्ट्याचा ताण ढळत नाही. कप्प्या एकाच प्रतलात नसतील, तर पट्टा कडेने झिजून निर्जन जागी तुटेल.

प्रवासाअंती टाकीच्या तळाची तोटी उघडली की दमट दिवसांत तीतून गढूळ पाणी बाहेर पडते. ज्या हवेला आपण रिती समजत होतो तिच्यातलेच ते पाणी. जुन्या खात्यात या यंत्राची त्याच्याशी कधी गाठ पडली नव्हती, आणि आता ते दर खेपेस काढून टाकणे ही यंत्राची नव्हे, त्याची बदली करणाराची जबाबदारी आहे.