बालकाची स्वभाववृत्ती, निद्रा आणि भावनिक विकास : 'सुयोग्य जुळणी'च्या संकल्पनेच्या प्रकाशात

बीजसंज्ञा : स्वभाववृत्ती, निद्रा, स्वनियमन, सुयोग्य जुळणी, भावनिक विकास

प्रस्तावना

एकाच मातेच्या दोन अपत्यांपैकी एक पाळण्यात ठेवताच निद्राधीन होते, तर दुसरे दाराच्या कडीचा आवाज होताच जागे होऊन तासभर रडत राहते, हा अनुभव घरोघरचा आहे. या भिन्नतेचे स्पष्टीकरण सामान्यतः दोन प्रकारे दिले जाते. मूलच 'किरकिरे' आहे असे म्हणून दोष बालकाच्या माथी मारला जातो. किंवा 'आईनेच सवय लावली' असे म्हणून तो मातेच्या पदरात टाकला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकासात्मक मानसशास्त्रात जे संशोधन झाले, त्याने ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी ठरविली. बालकाची जन्मजात स्वभाववृत्ती, त्याची निद्रा आणि पुढील भावनिक विकास यांच्यातील संबंध सरळ रेषेसारखा नसून, बालक व त्याचा परिसर यांच्या परस्पर जुळणीवर तो अवलंबून असतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्वभाववृत्ती : संकल्पना व मापन

१९५० च्या दशकात मनोविश्लेषणवाद आणि वर्तनवाद या दोन्ही विचारप्रवाहांचा भर संगोपनावर होता. बालकाची समस्या म्हणजे मातेची चूक, असे समीकरण त्यातून रूढ झाले होते. या पार्श्वभूमीवर अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे एक दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. प्रत्येक विकाराचे मूळ मातेत शोधण्याच्या प्रवृत्तीवर चेस यांनी १९६४ मध्ये स्वतंत्र संपादकीय लिहून टीकाही केली.

या अभ्यासात १३३ बालकांचे शैशवापासून प्रौढत्वापर्यंत निरीक्षण करण्यात आले. क्रियाशीलता, जैविक क्रियांची नियमितता, नव्या गोष्टीकडे झेप घेणे वा माघार घेणे, जुळवून घेण्याची क्षमता, संवेदनेचा उंबरठा, प्रतिक्रियेची तीव्रता, मनःस्थिती, विचलित होण्याची प्रवृत्ती आणि अवधान व चिकाटी, अशा नऊ परिमाणांवर त्यांच्या वर्तनाची नोंद झाली. त्यांवरून सुमारे ४० टक्के बालके 'सुलभ', १० टक्के 'कठीण' आणि १५ टक्के 'हळूहळू रुळणारी' आढळली. उर्वरित ३५ टक्के कोणत्याही एका गटात बसली नाहीत. ही शेवटची संख्या विशेष बोलकी आहे. कारण गटांची नावे सोयीसाठी असतात, बालके त्या नावांप्रमाणे घडविलेली नसतात.

पुढे मेरी रॉथबार्ट यांनी स्वभाववृत्तीची फेरमांडणी प्रतिक्रियाशीलता आणि स्वनियमन या दोन अंगांनी केली. उद्दीपन मिळताच बालक किती लवकर व किती तीव्रतेने चेतविले जाते, हे पहिले अंग; चेतविले गेल्यावर ते स्वतःला कसे सावरते, हे दुसरे. पहिले अंग जन्मापासूनच दिसते, तर दुसरे मेंदूच्या परिपक्वतेबरोबर आणि संगोपकाच्या साहाय्याने सावकाश विकसित होते. भारतातही चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत सविता मल्होत्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी थॉमस-चेस यांच्या परिमाणांवर आधारित मापनसाधन विकसित केले.

निद्रा आणि स्वभाववृत्ती

नवजात बालक दिवसाकाठी साधारणतः १४ ते १७ तास झोपते. मात्र ही निद्रा लहान लहान तुकड्यांत विभागलेली असते आणि तिचा जवळजवळ निम्मा भाग नेत्रांच्या शीघ्र हालचालींच्या 'सक्रिय निद्रे'चा असतो. दिवस व रात्र यांतील भेद ओळखणारी जैविक लय दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आकार घेऊ लागते. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांतील रात्रीची जाग हा बिघाड नसून विकासाचा स्वाभाविक टप्पा आहे.

थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात बालकांच्या निद्रेचे रात्रभर चित्रीकरण केले, तेव्हा एक महत्त्वाची बाब पुढे आली. 'रात्रभर झोपतात' असे पालकांना वाटणारी बालकेही रात्री जागी होत होती. परंतु ती न रडता पुन्हा झोपी जात होती. इतर बालके जागी होताच रडून संगोपकास बोलावीत होती. म्हणजेच भेद जागे होण्यात नसून जागे झाल्यानंतरच्या वर्तनात होता. रॉथबार्ट यांच्या परिभाषेत सांगायचे, तर निद्रा हे स्वनियमनाचे पहिले क्षेत्र होय.

विल्यम केरी यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रात्रीची जाग आणि संवेदनेचा खालचा उंबरठा यांत सहसंबंध दाखविला. ज्या बालकास प्रकाश, आवाज व स्पर्श अधिक जाणवतो, ते रात्रीही अधिक जागे होते. तथापि अशा सहसंबंधांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. स्वभाववृत्तीची बहुतेक मापने मातेने भरलेल्या प्रश्नावलीवर आधारित असतात. जागरणाने थकलेल्या मातेस बालक अधिक चिडके वाटणे शक्य आहे आणि अपुऱ्या निद्रेने बालक प्रत्यक्षातही चिडके होऊ शकते. म्हणूनच अवि सादेह यांच्यासारख्या संशोधकांनी बालकाच्या पायाला बांधावयाच्या हालचाल-मापकाचा उपयोग करून निद्रेची वस्तुनिष्ठ नोंद घेण्यावर भर दिला.

'समस्या' कोण ठरविते?

थॉमस व चेस यांनी मध्यमवर्गीय नमुन्याच्या जोडीने न्यूयॉर्कमधीलच प्वेर्तोरिकन वंशाच्या श्रमिक कुटुंबांतील ९५ बालकांचाही अभ्यास केला. मध्यमवर्गीय घरांत ठराविक वेळी झोपण्याचा आग्रह असल्याने अनियमित बालकांच्या निद्रेविषयी पालकांच्या तक्रारी लवकर सुरू होत. श्रमिक कुटुंबांत मात्र बालकास वाटेल तेव्हा झोपू दिले जाई. त्यामुळे पाच वर्षांपर्यंत निद्रेची तक्रार क्वचितच उद्भवली. शाळा सुरू होऊन पहाटे उठणे अपरिहार्य झाले, तेव्हा तेथेही ती उद्भवली. बालकाची वृत्ती तीच राहिली. बदलली ती परिसराची मागणी. यावरूनच बालकाची प्रवृत्ती आणि परिसराच्या अपेक्षा यांच्या 'सुयोग्य जुळणी'ची संकल्पना दृढ झाली.

केनियातील किप्सिगिस समाजाचा चार्ल्स सुपर व सारा हार्कनेस यांनी केलेला अभ्यास हेच दर्शवितो. तेथील बालके मातेजवळ झोपतात, रात्री हवे तेव्हा स्तनपान करतात आणि दिवसा कोणाच्या ना कोणाच्या पाठीवर असतात. चौथ्या महिन्यात अमेरिकी बालके सलग सुमारे आठ तास झोपत असताना किप्सिगिस बालकांची सलग निद्रा साडेचार तासांच्या आसपास होती आणि तिच्याविषयी कोणालाही चिंता नव्हती.

जोडी मिंडेल, सादेह व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात भारतासह १७ देश व प्रदेशांतील २९,२८७ बालकांची माहिती संकलित झाली. झोपण्याची सरासरी वेळ न्यूझीलंडमध्ये सायंकाळी ७.२७, तर हाँगकाँगमध्ये रात्री १०.१७ होती. बालकास निद्रेची समस्या आहे असे मानणाऱ्या पालकांचे प्रमाण थायलंडमध्ये ११ टक्के, तर चीनमध्ये ७६ टक्के होते. एवढी तफावत केवळ बालकांच्या प्रकृतिभेदाने स्पष्ट होत नाही.

दीर्घकालीन परिणाम

शैशवातील वृत्तीचा ठसा पुढे टिकतो काय, या प्रश्नाचे उत्तर मर्यादित होकारार्थी आहे. जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बालकांना हलती खेळणी, ध्वनिमुद्रित आवाज व गंध यांचे उद्दीपन दिले असता सुमारे २० टक्के बालकांनी हातपाय झाडून, रडून तीव्र प्रतिक्रिया दिली. अशी बालके पुढे बुजरी होण्याची शक्यता अधिक दिसली. परंतु त्यांतील मोजकीच सातत्याने भयशील राहिली. नेथन फॉक्स यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही १४ महिन्यांच्या वयातील वर्तन-संकोचाचा संबंध २६ व्या वर्षीच्या संयत, अंतर्मुख व्यक्तिमत्त्वाशी आढळला. अंतर्मुखता हा विकार नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

निद्रेच्या बाबतीत ॲलिस ग्रेगरी व टॉमस ओ'कॉनर यांनी २००२ मध्ये ४९० बालकांच्या आधारे असे दाखविले की, चौथ्या वर्षीच्या निद्रासमस्या किशोरवयातील भावनिक व वर्तनविषयक अडचणींचा अंदाज देतात. याउलट चौथ्या वर्षीच्या वर्तनसमस्यांवरून पुढील निद्रासमस्यांचा अंदाज मिळत नाही. म्हणून शैशवोत्तर काळातही टिकून राहणाऱ्या निद्रासमस्येकडे दुर्लक्ष करणे इष्ट नाही. मात्र अंदाज देणारा घटक म्हणजे कारण नव्हे.

हस्तक्षेपाचे पुरावे

जुळणी सुधारता येते, हे प्रयोगांनी सिद्ध केले आहे. नेदरलँड्समध्ये दिम्फ्ना व्हॅन डेन बोम यांनी अल्प उत्पन्न गटातील १०० चिडखोर बालके निवडली. निम्म्या मातांना सहाव्या ते नवव्या महिन्यांच्या काळात बालकाचे संकेत ओळखून प्रतिसाद देण्याचे मार्गदर्शन केले. वर्षाच्या वयात या गटातील बालकांमध्ये मातेशी सुरक्षित आसक्ती तुलनात्मक गटापेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक आढळली. बालकांचा मूळ पिंड दोन्ही गटांत सारखाच होता, ही बाब महत्त्वाची. जे बालक प्रतिकूलतेने अधिक कोमेजते, तेच अनुकूलतेने अधिक फुलते, हा जे बेल्स्की यांचा 'भिन्न ग्रहणशीलते'चा सिद्धांत या निष्कर्षाशी सुसंगत आहे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे आठ महिन्यांच्या बालकांच्या पालकांना निद्रेविषयी मार्गदर्शन देण्यात आले. त्यातील मुलांची सहाव्या वर्षी पुन्हा तपासणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या भावनिक आरोग्यावर कोणताही दूरगामी अनिष्ट परिणाम नव्हता, तसा दूरगामी लाभही नव्हता. मातांच्या विषण्णतेत मात्र बालक दोन वर्षांचे होईपर्यंत घट दिसली होती. मातेची विश्रांती हेही समर्थनीय उद्दिष्ट आहे, असा याचा अर्थ होतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, स्वभाववृत्ती हा गुण वा दोष नसून बालकाची प्रारंभिक ठेव आहे. दुसरी, निद्रेची 'समस्या' बालकाच्या लयीइतकीच घराच्या, शाळेच्या व नोकरीच्या वेळापत्रकातून निर्माण होते. तिसरी, जुळणी साधण्याचा भार एकट्या मातेवर टाकणे शास्त्रीय दृष्ट्याही असमर्थनीय आहे; कारण परिसर या संज्ञेत पिता, आजी-आजोबा, पाळणाघर आणि मातेचे कामाचे ठिकाण या सर्वांचा समावेश होतो. भारतात २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद आली. ही पावले याच दिशेची मानता येतात. मात्र असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य माता त्यांच्या प्रत्यक्ष लाभापासून दूरच राहिल्या आहेत.

ज्वर, वजन न वाढणे वा श्वसनाचा त्रास यांसह येणारे अखंड रडणे हा स्वभावाचा नव्हे, तर वैद्यकीय तपासणीचा विषय आहे, हेही नमूद करणे आवश्यक ठरते. त्याव्यतिरिक्त, बालविकास व शिक्षणशास्त्राच्या अध्यापनात 'कठीण मूल' ही संज्ञा शिकविताना तिच्यासोबत 'कोणासाठी कठीण आणि कोणत्या परिस्थितीत?' हा प्रश्नही शिकविला गेला पाहिजे. बालक बदलण्याची वाट पाहण्यापेक्षा त्याच्याभोवतीच्या अपेक्षा तपासणे अधिक फलदायी ठरते, हाच या संशोधनपरंपरेचा मथितार्थ होय.