जुन्या मोटारीच्या सांगाड्याचा रंग

जुनी मोटार पुन्हां नीटनेटकी करावयाची म्हटलें, कीं मालकाचें लक्ष प्रथम तिच्या वरच्या अंगाकडे जातें. बाहेरच्या पत्र्याला कोणता रंग द्यावा, गाद्यांचें कातडें कसें असावें, दिव्यांचें पितळ किती उजळावें, याविषयीं घरांत आणि मित्रमंडळींत पुष्कळ चर्चा होते. परंतु ज्याच्या आधारावर हें सारें उभें असतें, त्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा, कारागीर ज्याला 'चासी' म्हणतात त्याचा, निकाल बहुधा एका वाक्यांत लागतो. 'त्याला काळा रंग मारून टाका,' असें सांगितलें जातें, आणि थोड्याच दिवसांत तो आरशासारखा चकचकीत होऊन परत येतो. तो सुंदर दिसतो यांत शंका नाहीं. पण मुळांत तो तसा होता काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ तोंपर्यंत निघून गेलेली असते; कारण त्या प्रश्नाचें उत्तर ज्या जुन्या थरांत दडलेलें होतें, तो थर वाळूच्या फवाऱ्याखालीं नाहींसा झालेला असतो.

अस्सल रंग म्हणजे उत्तम रंग नव्हे. ज्या वर्षीं ती गाडी कारखान्यांतून बाहेर पडली, त्या वर्षीं त्या कारखान्यानें त्या भागाला जो लेप दिला, किंवा मुळींच दिला नाहीं, तीच त्या भागाची अस्सल स्थिति होय. म्हणून ही निवड करतांना रंगाच्या दुकानापेक्षां इतिहासाकडे आधीं वळावें लागतें. यासाठीं फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' या गाडीसारखें बोधप्रद उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

ही गाडी १९०८ सालीं अमेरिकेंत विक्रीस आली आणि १९२७ सालीं तिचें उत्पादन थांबलें. एवढ्या अवधींत दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. ती नेहमींच काळी असे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पहिल्या कांहीं वर्षांत ती करड्या, हिरव्या, निळ्या व तांबड्या रंगांत मिळे. सर्वत्र काळा रंग हें धोरण १९१४ पासून आलें, आणि १९२६ च्या सुमारास गाडीच्या अंगावर पुन्हां इतर रंग दिसूं लागले. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं त्या काळ्या कालखंडांतही 'काळा' हा एकच रंग नव्हता. गाडीच्या निरनिराळ्या भागांसाठीं तिसांहून अधिक प्रकारचे काळे रंग वापरले जात होते, असें संशोधनांतून आढळून आलें आहे. कोणता भाग, त्याला रंग लावावयाचा कसा, आणि तो वाळवावयाचा हवेंत कीं भट्टींत, यावर त्या काळ्याची घडण अवलंबून असे. अशा गाडीच्या सर्व भागांवर आज एकाच डब्यांतील काळा रंग फिरविणें म्हणजे तीस निरनिराळ्या आवाजांच्या जागीं एकच आवाज बसविण्यासारखें आहे.

या काळ्या रंगांपैकीं भट्टींत भाजल्या जाणाऱ्या रंगांचा मुख्य घटक गिल्सोनाइट हा होता. अमेरिकेच्या यूटा संस्थानांत सांपडणारें हें डांबराच्या जातीचें, परंतु घट्ट व ठिसूळ असें खनिज आहे. तें जवसाच्या तेलाबरोबर शिजवून पातळ द्रावणांत मिसळीत आणि त्याचा लेप दिलेले भाग तप्त भट्टींत ठेवीत. भट्टींतून निघालेला थर कठीण, टिकाऊ व ओलाव्याला न जुमानणारा होई. अशा लेपाला 'जपान ब्लॅक' म्हणत. परंतु त्याचा जपान देशाशीं संबंध केवळ नांवापुरता. सतराव्या शतकापासून युरोपांतील कारागीर पूर्वेकडील लाखकामाची नक्कल करूं लागले, तेव्हां त्या नकलेला हें नांव पडलें आणि पुढें लोखंडावरच्या काळ्या लेपालाही तेंच चिकटलें. डांबरी लेपाची एक खूण ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जाड थरांत तो गर्द काळा दिसतो, पण जेथें तो पातळ असतो तेथें त्यांतून तपकिरी छटा डोकावते. काजळीपासून केलेला आजचा साधा काळा रंग ही छटा दाखवीत नाहीं.

लेप देण्याची रीतही आपली खूण मागें ठेवते. मोठाल्या पत्र्यांवर रंग ओतून सोडीत. अनेक सुटे भाग रंगाच्या हौदांत बुडवून, वर उचलून, निथळत टांगीत. बुडविलेल्या भागाच्या खालच्या कडेला रंगाचे ओघळ व थेंब गोठून राहतात, आणि धारदार कडांवर थर विरळ होतो. आजच्या डोळ्यांस हे दोष वाटतात. पण ज्या कारखान्यानें १९१३ सालीं चालत्या पट्ट्यावर सांगाड्याची जुळणी आरंभिली, आणि साडेबारा तासांच्या आसपास लागणारें हें काम पुढील वर्षीं ९३ मिनिटांवर आणलें, त्या कारखान्याला गाडीच्या पोटाखालचे ओघळ घांसून काढण्यास सवड कोठून असणार? ते ओघळ त्या घाईचे व त्या कामगारांच्या हातांचे साक्षीदार आहेत. पांच थर देऊन, घांसून, पुन्हां झळाळी आणलेला सांगाडा मॉडेल टीच्या खालीं बसविला, तर ती गाडी कधींच जशी नव्हती तशी होते.

काळ पुढें गेला तसा लेपही बदलला. १९२३ सालीं ड्यूपाँट कंपनी व जनरल मोटर्स यांनीं 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोज लॅकर पुढें आणला. त्यांतील द्रावण उडून जातांच तो वाळे, त्यामुळें गाडीचें अंग रंगविण्यास पूर्वीं लागणारे आठवडे वांचले. तथापि अंगाचा रंग बदलला म्हणून सांगाड्याचाही बदलला, असें समजूं नये. खालच्या भागांसाठीं स्वस्त व टिकाऊ काळा लेप पुढेंही पुष्कळ वर्षें चालू राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कित्येक अमेरिकन गाड्यांत तर खालचे कांहीं भाग रंगविलेच जात नसत. बिडाचे ओतीव भाग राखी रंगाचे, पोलादी दांडे उघडे, त्यांवर तपासनिसानें ओढलेला रंगाचा पट्टा किंवा खडूचा आंकडा, आणि वरच्या पत्र्यावर मारलेल्या रंगाचा उडालेला फवारा, असें त्यांचें मूळ रूप असे. अशा भागांवर काळा रंग चढविणें म्हणजे अज्ञानानें केलेला उपकार होय.

मग मालकानें करावें काय? प्रथम सांगाडा वाळूच्या फवाऱ्याखालीं पाठवूं नये. जुनें ग्रीस व माती यांचा थर कुरूप असला, तरी पुष्कळदां त्यानेंच खालचा मूळ लेप ऊन-पावसापासून राखलेला असतो. रॉकेल व मऊ ब्रश घेऊन हा थर हळूहळू काढावा. खरवडण्यास लाकडी पट्टी वापरावी. कमानीच्या पाट्यांना आंसाशीं आवळणाऱ्या बोल्टांखालीं, कड्यांच्या व पट्ट्यांच्या आड, जेथें नंतरच्या रंगाऱ्याचा ब्रश पोंचला नाहीं, तेथें मूळ रंग सांपडण्याचा संभव अधिक. दुसरा उपाय असा, कीं नाण्याएवढ्या जागेवर बारीक वॉटर पेपर ओला करून हलक्या हातानें घांसावा. मध्यभागीं लोखंड उघडें पडतें, आणि त्याच्याभोंवतीं एकावर एक दिलेल्या रंगांचीं वलयें झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें दिसूं लागतात. सर्वांत आंतलें वलय बहुधा कारखान्याच्या अस्तराचें किंवा लेपाचें असतें. कापसाच्या बोळ्यानें थिनर लावून पाहिल्यास आणखी एक पुरावा मिळतो. लॅकर लवकर मऊ होऊन बोळ्यास लागतो, भट्टींत भाजलेला लेप सहसा दाद देत नाहीं. प्रत्येक पायरीचें छायाचित्र दिवसाच्या उजेडांत घेऊन ठेवावें. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. म्हणून तो कोरडा घांसून धूळ उडवूं नये व ज्योतीनें जाळूं नये.

पुरावा हातीं आल्यावर नवा रंग निवडतांना छटेइतकीच चकाकी महत्त्वाची असते. चकाकी मोजण्याचें यंत्र साठ अंशांच्या कोनांतून प्रकाश टाकून, गुळगुळीत काळ्या काचेची चकाकी शंभर धरून, आंकडा सांगतें. मूळ तुकड्याची चकाकी अशी मोजली, तर नव्या रंगांत ती मंद करणारें द्रव्य किती घालावें हें अंदाजावर सोडावें लागत नाहीं. पावडर कोटिंगचा मोह येथें आवरावा. वीजभारित भुकटी उडवून ती सुमारें १८० ते २०० अंश सेल्सियस उष्णतेंत वितळविली जाते. होणारा थर साधारणतः ६० ते ८० मायक्रॉन जाडीचा, एकसारखा व बळकट असतो. पण त्याखालीं ओतकामाचा खडबडीत पोत बुजतो, लोखंडावर ठोकलेले बारीक आंकडे अस्पष्ट होतात, आणि खड्यानें एकदां टवका उडाला, कीं गंज थराखालून नकळत पसरत जातो. त्यापेक्षां पातळ इपॉक्सी अस्तर व त्यावर योग्य चकाकीचा एकेरी काळा एनॅमल हा मध्यम मार्ग बरा. दोन डब्यांतून मिसळावयाचे पॉलियुरेथेन रंग वापरावयाचे, तर त्यांतील आयसोसायनेट फुफ्फुसांस घातक असतें. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा चढविल्यावांचून तो फवारा हातीं धरूं नये.

भारतांतील गाड्यांविषयीं एक विशेष सावधगिरी हवी. येथें आलेल्या मॉडेल टी बहुतांशीं फोर्डच्या कॅनडांतील शाखेकडून येत. पुढें मुंबईंत १९२६ सालीं फोर्डची भारतीय शाखा निघाली, आणि १९२८ सालीं शिवडी येथें जनरल मोटर्सनें सुट्या भागांतून गाड्या जुळविण्याचा कारखाना उघडला. तेव्हां डेट्रॉइटचीं कागदपत्रें येथील प्रत्येक गाडीला जशींच्या तशीं लागू पडतील, असें गृहीत धरतां येत नाहीं. त्यांत कोंकणपट्टीची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांमुळें पुष्कळ सांगाडे वेळोवेळीं हातानें रंगविले गेले आहेत. अशा गाडीचा खरा दाखला तिच्याच अंगावर शोधावा लागतो.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं म्यूनिक येथें 'ट्यूरिन सनद' मान्य केली. वाहनाचें मूळ द्रव्य व त्यावरील काळाच्या खुणा शक्य तितक्या राखाव्या, जें नवें केलें त्याची नोंद ठेवावी, आणि पुढील पिढीला तें उलटवितां यावें, असा तिचा आशय आहे. सांगाड्याच्या बाबतींत हा नियम सहज पाळतां येतो. जेथें मूळ लेप धड आहे तेथें तो नुसता स्वच्छ करून मेणाचा पातळ थर द्यावा. जेथें गंजानें लोखंड खाल्लें आहे तेथें बेलाशक नवा रंग द्यावा, कारण गाडी रस्त्यावर चालावयाची असेल तर सांगाड्याचें बळ हें इतिहासाच्याही आधीं येतें. मात्र नवा रंग देतांनाही मूळ लेपाचा हातभर पट्टा कोठें तरी आडजागीं तसाच ठेवावा. आजच्या मालकाचा निर्णय चुकला असल्यास, पन्नास वर्षांनीं येणाऱ्या दुसऱ्या मालकास तो त्या पट्ट्यावरून सुधारून घेतां येईल.